दोघांचा तंबू

खोक्यावर दोन माणसं छापली होती. एक उंच, दुसरं जरा बुटकं. मृणालीने पदराने धूळ पुसून पुन्हा पाहिलं. खाली स्पष्ट लिहिलं होतं, दोन माणसांसाठी.

खोकं सापडलं ते नवऱ्याच्या गाडीच्या डिकीत, स्टेपनीच्या मागे, जुन्या चादरीखाली. लपवायचं नसतं तर माणूस चादर कशाला घालतो? हितेश आज संध्याकाळी माहुलीला निघणार होता. किल्ल्याच्या पायथ्याशी तंबू ठोकायचा, रात्र काढायची, उद्या परत. एकटाच, असं त्याने जेवताना सांगितलं होतं, तेही ताटातल्या बोंबलावरची नजर न काढता. सासूबाई म्हणाल्या होत्या, "एकलाच? भुतं हायत तिकडं." मृणालीच्या डोक्यात भुतं नव्हती, दुसरंच काहीतरी होतं.

तिने डिकी आणखी उपसली. एकात एक बसणारे दोन पेले. दोन पातेली. चालताना टेकायच्या काठ्या, त्याही दोन. सगळा संसार जोडीचा. झोपायची पिशवी मात्र एकच निघाली, दोघांत एक.

हे खूळ दिवाळीपासूनचं. पूर्णा गावातली शेतं जाऊन गोडाऊन झाली तेव्हापासून हितेशला श्वास घ्यायला वेळ नसायचा. कुणाचा टेम्पो मानकोलीला अडकला, कुणा भाडेकरूचं शटर अडकलं, सासऱ्यांचं चुलतभावाशी बांधावरून वाजलं, की फोन हितेशला. घरात फ्यूज उडाला तरी हाक हितेशलाच. असा माणूस मित्रांचं सामान उसनं घेऊन डोंगरात जाऊ लागला, आणि आता तर स्वतःचं विकत घेऊन बसला. तिथे म्हणे रेंज नसते. किती सोयीचं!

संशय गोडाऊनच्या ऑफिसात बसणाऱ्या रूपावर होता. ती डोंगरावरचे फोटो टाकायची. मृणालीने नवऱ्याचा फोनही चाळून पाहिला होता. त्यात रूपा सापडली नाही, सापडले तंबूचे व्हिडिओ. काठी कशी जोडावी, गाठ कशी मारावी, स्टोव्ह वाऱ्यात कसा पेटवावा. एकच व्हिडिओ माणूस इतक्या वेळा कशाला बघेल? बाकीचं पुसून टाकलं असणार, तिने ठरवून टाकलं.

तिने खोकं उचललं, झोपायची पिशवी काखोटीला मारली आणि दोन्ही गच्चीवर नेलं.

"अहो, वर या. मना हा लावून दाखवा."

हितेश आला. खोकं बघून दचकला नाही. वाळत घातलेली सुकट त्याने बाजूला सरकवली आणि कामाला लागला. काठ्या सटासट एकमेकींत बसल्या, कापड चढलं, दोऱ्या टाकीच्या पाइपला आवळल्या गेल्या. घरात खिळा ठोकायचा तर चार दिवस लावणारा हा माणूस. आणि तो चक्क गुणगुणत होता. लग्नानंतरच्या पहिल्या वर्षी कधीतरी तिने ते ऐकलं होतं. आता मात्र तिला राहवलं नाही.

"कोन हाय ती?"

"कोन ती?"

"दोघांचा तंबू हाय. खोक्यावर लिवलंय. मना वाचता येतंय."

हितेश हसला. पकडला गेलेला माणूस असं हसत नाही, एवढं तिला कळत होतं. "अगं, तंबूत दोघांचा म्हणजे एकाचाच. जा आत, बघ."

ती वाकून आत शिरली, आडवी झाली. त्याने झोपायची पिशवी तिच्या अंगाखाली सारली आणि आपली पाठीवरची मोठी बॅग खालून आणून बाजूला ठेवली. झालं. एका अंगाला बॅग, दुसऱ्या गालाला कापड. कूस बदलायची तर बॅगेची परवानगी घ्यावी लागली असती. रूपाच काय, रूपाचं मांजरसुद्धा इथे मावलं नसतं.

मृणालीला हसू फुटलं. हसता हसता डोळे भरून आले. इतके दिवस छातीवर धोंडा घेऊन ती भाकऱ्या थापत होती, आणि तो असा हलकेच उतरला. नवऱ्याविषयी तिला एकदम माया दाटून आली. गोडाऊनच्या पत्र्यांपलीकडे कुठेतरी डोंगर आहे, आणि आपणही तो बघावा, असं तिला पहिल्यांदाच वाटलं.

"मग तिघांचा घ्यायचा ना," ती आतून म्हणाली. "मी पन आले असते."

"दुकानवाला तेच बोलला. वहिनी पन येतील, तिघांचा न्या."

"मग?"

"जड होतो." हितेश दोरी ताणून बघत होता. "उगाच पाठीवर वजन."

त्यात खोच नव्हती. तो तंबूविषयीच बोलत होता. जिन्यातून सासूबाईंची हाक आली, "हितेश, तुजा फोन वाजतंय." त्याने ऐकलं, आणि ऐकलं नाही असं केलं. दोरीची गाठ सोडून पुन्हा बांधली.

टेम्पो, भाडेकरू, बांध, फ्यूज. कशाकशापासून तो डोंगरात पळतो हे मृणालीला मघापासून दिसत होतं. त्या रांगेत ती स्वतः कुठे उभी आहे, हे मात्र तिने कधी पाहिलं नव्हतं.

"ये बाहेर," तो म्हणाला. "घडी घालायची हाय. निघायचंय मना."

ती हलली नाही. रूपा नव्हती. कोणीच नव्हती. कोणी असती, तर तिच्याशी भांडता तरी आलं असतं.