नववी रात्र

कोलंबियातल्या कार्ताहेना शहरात, आमच्या गल्लीत माणूस गेलं की नऊ रात्री दारात खुर्च्या मांडतात, कॉफी फिरते, म्हातारे डॉमिनो खेळत बसतात. नवव्या रात्री घरात तसबीर आणि मेणबत्त्या मांडून उभारलेली वेदी उतरवली की आत्मा सुटतो. एउफ्रोसिनाबाईंची ती नववी रात्र होती, पण त्यांची मुलगी नेरेइदा वेदीला हात लावायला तयार नव्हती. पर्यटकांना रात्रीचं शहर दाखवत हिंडणारा तिचा भाऊ डायरो अजून एकदाही फिरकला नव्हता.

"येईल हो मास्तर," नेरेइदा मला म्हणाली, "तुमच्याच हाताखाली शिकलाय."

तो आला. मागून हातात पेले घेतलेले आठ-दहा पर्यटकही आत शिरले. एकीने वेदीला टेकून स्वतःचा फोटो काढला, तर दुसऱ्याने उष्टा पेला बाईंच्या तसबिरीपुढे ठेवला.

"मेल्या, आईच्या मयताला वरात घेऊन आलास?" शेजारची दोमितिला कडाडली.

नेरेइदाने तिला गप्प केलं. भाऊ आला, एवढंच तिला पुरे होतं.

डायरोने तिचे दोन्ही हात धरले. "ताई, आज वेदी उतरवू नकोस. अजून एक रात्र राहू दे आईला."

तिचे डोळे भरून आले. "राहू दे, राजा. तुझ्यासाठी थांबेल ती."



"नक्की हं," तो हळूच म्हणाला, "उद्याचा गट याच्या दुप्पट आहे."