येतो, वहिनी

"कोणासाठी?" पांढऱ्या लठ्ठ्याचं ठाण काउंटरवर उलगडत रामाजींनी विचारलं.

"नाव नाही आलं अजून," मुजफ्फरभाई म्हणाले.

महाल भागातल्या त्या कापडाच्या दुकानात भर दुपारी दुसरं गिऱ्हाईक नव्हतं. गल्ल्यामागे रामाजींच्या पत्नी कौशल्याबाई बसल्या होत्या. अगदी कूलरसमोर, तरी पदराने वारा घेत होत्या.

मुजफ्फरभाई मस्जिदीच्या कमिटीतले. तिथे कफनाचं कापड कायम तयार ठेवायचं, लागलं की द्यायचं, दिलं की नवं आणायचं, हे त्यांच्याकडे. काल बाईमाणसाचं संपलं होतं. रामाजींना या गिऱ्हाइकाचं भारी कौतुक. नेलेलं कापड बदलायला परत येत नाही, रंग गेला म्हणून कुणी भांडत नाही, असं ते खुशाल हसून सांगत.

मुजफ्फरभाईंचा मोबाईल काउंटरवर चालू होता. मृत्यूवरचा एक जुना, नावाजलेला खुतबा, म्हणजे प्रवचन, कुणी मौलाना उर्दूत समजावून सांगत होते. आवाज चढत नव्हता, घाई करत नव्हता. उंच घरं बांधणारे गेले कुठे, तो विचारत होता. त्यांच्या घरांत आज दुसरेच दिवे लावतात.

"हे तुमच्यासाठीच आहे बरं," कौशल्याबाई नवऱ्याला म्हणाल्या. "मुजफ्फरभाई, सांगा न यायले काही. मनीषनगरले फ्लॅट घेऊन ठेवला. राहाले जाऊ म्हटलं, तर आधी ग्रॅनाइट. ग्रॅनाइट झालं, तर आता सिलिंग. मले त्या बाल्कनीत एक कप चहा प्यायचा आहे, बस."

"दिवाळीले जाऊ वं. काहून घाई करून राहिली?" रामाजींनी मीटरपट्टी उचलली. "लांबी किती धरू, मुजफ्फरभाई?"

मुजफ्फरभाईंचं अर्धं लक्ष खुतब्यात होतं. त्यांनी मान वर केली, समोर पाहिलं आणि परकराचं माप सांगावं तितक्या सहज म्हणाले, "धरा न, वहिनींएवढी."

मोबाईल चालूच होता. तुझं कापड विणून झालं आहे, मौलाना सांगत होते, बाजारात येऊन पडलं आहे, आणि तू अजून हसतो आहेस.

"तौबा, तौबा!" मुजफ्फरभाईंनी मोबाईल बंद केला, कान पकडले. "जबान घसरली, वहिनी. माफ करा."

"असू द्या जी. माप त माप," कौशल्याबाई म्हणाल्या. पण त्यांचा पदर हलायचा थांबला होता.

रामाजींनी कापड मोजलं. मोजताना नजर आपसूक बायकोकडे गेली, डोक्यापासून पायापर्यंत फिरून आली, आणि ते स्वतःवरच चिडले. त्यांनी कडेला कात्रीची चीर दिली आणि कापड टरकावलं. मुजफ्फरभाईंनी पुडकं बगलेत घेतलं आणि खाली मान घालून ते निघून गेले.

"आज येतो म्हटलं नाही त्यायनं," कौशल्याबाई म्हणाल्या.

पूर्वी मुजफ्फरभाई निघताना 'जातो' म्हणायचे. कौशल्याबाईंनीच त्यांना टोकलं होतं. तेव्हापासून पायरी उतरताना "येतो, वहिनी" ठरलेलं. कौशल्याबाई स्वतः तर गल्ल्यावरच्या लक्ष्मीच्या तसबिरीलाही रोज निघताना "येते, माय" म्हणत.

"शरमले बिचारे," रामाजी म्हणाले.

"हो न. नाहीतर मयताच्या घरूनच माणूस असा न सांगता उठते."

साधी, लहान पोराला वाटते तशी भीती वाटली रामाजींना. या बाईशिवाय त्या बाल्कनीत आपण काय करणार, असं एकदम मनात आलं. ते ठाण तसंच उघडं टाकून गल्ल्याशी आले.

"ऊठ वं. फ्लॅटवर जाऊ. चहा तिथंच पिऊ."

"आता? अन् सिलिंग?"

"चुलीत गेलं सिलिंग. ऊठ, ऊठ लवकर."

त्या नव्या नवरीसारख्या हसल्या. रामाजींनी त्यांना हात धरून बाहेर आणलं, कूलर बंद करायचंही भान राहिलं नाही, आणि भर दुपारी शटर खाली ओढलं. शेजारचा दुकानदार बघत राहिला. स्कूटर गल्लीतून निघाली, चौकात आली.

"थांबा न," मागून कौशल्याबाई म्हणाल्या. "लक्ष्मीले येते म्हणायचं राहलं."

"उद्या म्हणजो," रामाजी म्हणाले आणि त्यांनी गाडी आणखी जोरात सोडली. खांद्यावरचा कौशल्याबाईंचा हात मे महिन्याच्या उन्हात गार लागत होता.