शेणाचा डोकरा

"ई! शेण?"

इंदुताई गॅलरीच्या दारातच थबकल्या आणि त्यांनी पदर नाकाला लावला. खरं सांगायचं तर पदर त्यांनी जिन्यातच लावला होता. दिवाकर पॅरॅलिसिसने अंथरुणाला खिळल्यापासून त्या दर रविवारी भावाला बघायला मल्हारगंजात येत, उदबत्तीचा एक पुडा आणत आणि खुर्ची ओढून खिडकीपाशी बसत. भावाच्या कॉटपाशी नाही, खिडकीपाशी!

त्यांच्या भावजयीने, मंजुषाने, मागे वळून पाहिलं नाही. कोपरापर्यंत बरबटलेल्या हातांनी ती भिंतीवर संजा घालत होती. माळव्यातल्या पोरींचा खेळ हा, आणि संजा त्यांची देवी. पितृपक्षात रोज संध्याकाळी भिंतीवर शेणाची नवी आकृती काढायची, वर फुलांच्या पाकळ्या चिकटवायच्या, दुसऱ्या दिवशी खरवडून टाकायची. परदेशीपुऱ्यात लहानाची मोठी होताना मंजुषाने कितीतरी वर्षं मालवी मैत्रिणींबरोबर संजा घातली होती. आज नवमी, म्हणजे डोकरा-डोकरी, म्हातारा-म्हातारीची जोडी. डोकरीला झेंडूचं लुगडं नेसवून झालं होतं. डोकरा मात्र उभा राहायला तयार नव्हता. शेण पातळ होतं, त्याचे पाय सारखे खाली घसरत होते.

"कुठून उचलून आणलंस हे?"

"बंटी दूधवाला आणून देतो. म्हणतो, भाभीजी, पूरे इंदौर में गोबर का ऑर्डर बस आपका ही है."

इंदुताईंना हसू आलं नाही.

मंजुषाला किळस येत नसे असं कुणी समजू नये. सकाळी चादर ओढून काढताना ती श्वास रोखून धरी. औषधं, लघवी आणि फिनाइल यांचा मिळून झालेला वास वरणभाताला यायचा, तिच्या केसांना यायचा. नवऱ्याचं अंग पुसताना ती तोंड फिरवी, आणि फिरवलं म्हणून तिला स्वतःची किळस येई ती वेगळीच. तीन महिने ती नुसते दोन घास ढकलत होती. पौर्णिमेला तिने पहिल्यांदा शेणात हात घातला, भिंतीवर एक वेडावाकडा पाट काढला, आणि काय आश्चर्य, तिला भूक लागली. कडकडून लागली! त्या रात्री तिने भाकरी केली आणि खाल्ली. तेव्हापासून दुपार टळली की तिला संध्याकाळचे वेध लागत.

"घरात पेशंट आणि तू घाण लगाकर बसलीस? इन्फेक्शन झालं म्हणजे त्याला?"

"आत नेत नाही मी. हात साबणाने घासून धुते, ताई."

"बरं, ते जाऊ दे. संजा कुंवाऱ्या पोरी घालतात. कशाला घालतात, माहीत आहे ना? चांगला नवरा मिळावा म्हणून! इथे तुझा नवरा आत पडलाय आणि तू बाहेर नवरा मागत बसलीस? खालच्या जैनबाईंनी आत्ता जिन्यात मला विचारलं, तुमची भावजय संजा कशाला घालते म्हणून. लाजच वाटली मला तर. खरवडून टाक ते सगळं."

तेवढ्यात आतून दिवाकरच्या घशातला आवाज आला, आणि आवाजामागोमाग वास. काय झालं ते दोघींनाही कळलं. इंदुताईंचा पदर पुन्हा नाकावर चढला.

"जा ना तू, बघ त्याच्याकडे," त्या म्हणाल्या. "मला तर बाई बघवत नाही."

मंजुषाने हात धुतले आणि ती आत गेली. नवऱ्याला कुशीवर वळवलं, पुसलं, कोरडं केलं, चादर बदलली. दिवाकरच्या डोळ्यांत पाणी आलं होतं. ती म्हणाली, "असू द्या हो, झालं आता." या वेळीही तिने तोंड फिरवलंच होतं. तोच तिला गॅलरीतून खरखर ऐकू आली.

ती बाहेर आली तेव्हा इंदुताई बोटांच्या चिमटीत उलथनं धरून उभ्या होत्या. भिंतीवर डोकरी एकटी होती. डोकऱ्याच्या जागी ओला, हिरवट फराटा, आणि खाली केराच्या सुपलीत त्याचा गोळा.

"आधी त्यालाच काढला," इंदुताई म्हणाल्या. "म्हणजे नवराबिवरा मागतेयस असं कुणाला वाटायला नको. तुझ्याच भल्याचं करतेय मी."

मंजुषाला त्या बाईची इतकी शिसारी आली, की क्षणभर वाटलं, सुपलीतला तो गोळा उचलावा आणि त्या इस्त्रीच्या पदरावर थापावा. भावाला एकदा कुशीवर वळवलं नाही या हातांनी. त्याच्या तोंडाला कधी पाण्याचा चमचा लावला नाही. आणि आज पहिल्यांदा या घरात काही काम केलं, तर हे!

तिने गोळा उचलला. त्यात केसांची गुंतवळ आणि केर आला होता. तो तिने एकेक करून वेचून काढला, कुंडीतली मूठभर कोरडी माती घालून गोळा घट्ट मळला, आणि भिंतीशी बसून पहिल्यापासून डोकरा घालायला घेतला. आधी पाय.

"अगं, पुन्हा? लोक काय म्हणतील?"

"म्हणू द्या. खरंच म्हणतील ते." मंजुषाने अंगठ्याने शेण दाबलं. "नवराच मागतेय मी, ताई. उठून स्वतःच्या पायांनी संडासात जाईल असा. आणि नावही सांगून ठेवलंय संजेला. दुसरा कुणी नको म्हणून."