सगळे काढा

टोलनाक्याच्या तिसऱ्या खिडकीतल्या ताईने एका हाताने ट्रकवाल्याला सुट्टे परत दिले आणि दुसऱ्या हाताने केसांखाली लपवलेला इअरफोन कानात घट्ट दाबला. ड्यूटीवर फोन घ्यायला बंदी होती. पण फोन प्राण्यांच्या दवाखान्यातून होता, आणि तिथे टेबलावर शेठ भुलीखाली आडवा पडला होता.

शेठ म्हणजे तिचा अकरा वर्षांचा कुत्रा.

"शेठच्या घरून का?" डॉक्टरीणबाई घाईत होत्या. "दातांवरचं कीटण काढलं आम्ही. पण त्याच्याखालचे दात हलताहेत. कीटणानेच धरून ठेवले होते म्हणा ना. काढावे लागतील. नऊ आहेत."

"नऊ?" ताई मोठ्याने म्हणाली.

"कालपर्यंत तर सात होते!" खिडकीपुढचा मोटारवाला खवळला. "रोज वाढवता की काय?"

"तुमचे सातच," ताईने त्याला पावती दिली आणि दांडा वर केला.

साफसफाईचे पैसे तिने कधीचेच बाजूला काढले होते. दवाखान्याने आधी खर्चाचा कागद दिला होता. रक्ततपासणी, भूल, साफसफाई, सगळं ओळीने लिहिलेलं. अगदी खाली एक ओळ होती: गरज पडल्यास दात काढणे, प्रत्येक दाताचे पैसे वेगळे. ती ओळ ताईने वाचली होती. गरज पडणार नाही असं स्वतःच ठरवून तिने खाली सहीही ठोकली होती.

एका दाताचे पैसे म्हणजे तिचा दोन दिवसांचा पगार. नऊ दात म्हणजे अठरा दिवस. तेवढे पैसे तिच्याकडे होते, नव्हते असं नाही. ते खोलीच्या अनामत रकमेचे होते. एकच खोली, पण दार स्वतःचं आणि मालकीणबाईंना कुत्रा चालणार होता. परवा किल्ली मिळायची होती. चार वर्षं ती धाकट्या भावाच्या घरी बैठकीच्या खोलीत अंथरूण टाकत होती. सगळ्यांचा टीव्ही बघून झाल्याशिवाय तिला पाठ टेकता येत नव्हती. वहिनी वाईट असती तर ताई कधीच भांडून बाहेर पडली असती. वहिनी चांगली होती, हीच तर पंचाईत होती. तिने आजवर एवढंच म्हटलं होतं, "ताई, बाकी काही नाही हो, पण शेठच्या तोंडाचा वास सहन होत नाही."

"आज नाही काढले तर?" ताईने विचारलं.

"मग पुन्हा रक्ततपासणी, पुन्हा भूल, पुन्हा हाच खर्च. आणि त्याच्या वयाला दुसऱ्यांदा भूल द्यायला मी तरी धजावणार नाही."

"मग दुखणारे तेवढेच काढले तर?"

"कुठला दुखतोय ते तो सांगतो का?" डॉक्टरीणबाईंचा आवाज जरा खाली आला. "नऊच्या नऊ दुखत असणार. कधीपासून, कोण जाणे. लवकर सांगा, त्याला फार वेळ असं झोपवून ठेवता येत नाही."

ताईला शेठचा भयंकर राग आला. मेल्याने एकदा तरी कण्हायचं, जेवणाचं भांडं लाथाडायचं! सगळं निमूट सोसलं आणि आता पडलाय तिकडे बेशुद्ध, निर्णय हिच्या गळ्यात बांधून. मग तिला आठवलं की महिनाभर तो एकाच बाजूने चावून खात होता. तिने ते पाहिलं होतं आणि म्हातारपण म्हणून सोडून दिलं होतं.

मागे हॉर्न सुरू झाले होते.

"सगळे काढा," ती म्हणाली.

"सगळे?" खिडकीशी आलेल्या टेम्पोवाल्याने खिसा चाचपत डोळे मोठे केले. "ताई, टोल आहे का दरोडा?"

ताईला हसू फुटलं, आणि हसता हसता तिचे डोळे भरून आले. टेम्पोवाला गोंधळला. मोजून पैसे देऊन निमूट निघून गेला.

एक महिना. मालकीणबाईंकडे एक महिन्याची मुदत मागायची, हातापाया पडायचं. बाई समंजस वाटल्या होत्या. दोन गाड्या जाईपर्यंत ताईने मनातल्या मनात सगळं बोलणं जुळवलंसुद्धा.

तेवढ्यात फोन पुन्हा वाजला. वहिनी होती.

"ताई, दवाखान्यात फोन केला होता मी. नऊ दात! बिचारा! पण आता वास जाईल म्हणाले, हो ना?"

"हो."

"आणि काय हो, खोली बघितलीत ते आम्हाला सांगायचं नाही? त्या मालकीणबाई आत्ता घरी आल्या होत्या, तुमची चौकशी करायला. मला तर मेल्याहून मेल्यासारखं झालं. मी स्पष्ट सांगितलं, आमच्या ताई कुठेही जायच्या नाहीत. वासाची काय ती अडचण होती, ती आज मिटली. चांगल्या आहेत बाई, लगेच समजल्या. त्यांच्याकडे दुसरं एक जोडपं थांबलेलंच होतं, त्यांना इथूनच फोन करून हो म्हणाल्या."

ताईने तोंड उघडलं. समोरच्या बसवाल्याने नोट पुढे केली, ती तिने घेतली.

"हॅलो? ऐकताय ना? मी सकाळपासून आमचं कपाट आवरतेय. किती दिवस तुम्ही कपडे पिशवीत ठेवणार? खालचा कप्पा रिकामा केलाय. अख्खा कप्पा, ताई. तुमचा एकटीचा."