चौदा नंबरचा झेंडा

"तू बेरीवानला हे पत्र पाठवलंसच कसं?" शोभनानं विचारलं.

"नियम आहे," तिचा नवरा त्र्यंबक म्हणाला. "बाल्कनीत अमेरिकेचा झेंडा चालतो, दुसऱ्या देशाचा नाही. कुणीतरी कंप्लेंट केलीय. मग हिअरिंग घ्यावंच लागतं."

त्र्यंबक अमेरिकेतल्या बॉथेल गावातल्या त्यांच्या एकशेबारा घरांच्या सोसायटीचा सेक्रेटरी होता. माणूस भला, पण नियमांचं पुस्तक उशाशी घेऊन झोपणारा. तक्रारदाराचं नाव निकाल लागेपर्यंत मॅनेजमेंट कंपनीकडे गुप्त. निकाल लागला की सही-शिक्क्याची कागदी प्रत तक्रारदाराला. हे कलम त्यानंच हट्टानं घालून घेतलं होतं आणि आजवर कुणीही अशी प्रत मागितली नव्हती.

चौदा नंबरमध्ये बेरीवान राहायची. साठीची कुर्दी बाई, म्हणजे नकाशावर स्वतःचा देश नसलेल्या लोकांपैकी. तीस वर्षांपूर्वी तुर्कस्तानच्या सैन्यानं तिचं गाव रिकामं केलं, तेव्हा ती नवऱ्याबरोबर जर्मनीला गेली. तो वारल्यावर लेकीपाठोपाठ इथं आली. शोभनाची आणि तिची घट्ट मैत्री होती.

"मार्चपासून झेंडा लटकतोय. आत्ताच कुणाच्या पोटात दुखलं?" शोभना म्हणाली. "सापडू दे मला तो. हळदीकुंकवालासुद्धा बोलावणार नाही त्या घराला."

शनिवारी सकाळी क्लबहाउसमध्ये सुनावणी झाली. बेरीवान इस्त्रीचा कोट घालून एकटीच आली. लेकीलाही आणलं नाही.

"झेंडा काढाल का?" नरेंद्रनं विचारलं. तो अध्यक्ष, नागपूरचा. अकरा वाजता त्याला मुलाच्या सॉकर मॅचला पोचायचं होतं.

"कुणाचा झेंडा?" बेरीवाननं विचारलं.

"तुमचाच. बाल्कनीतला."

"तो कोणत्या देशाचा, ते आधी लिहा."

नरेंद्र मराठीत पुटपुटला, "यार त्र्यंबक, 'रंगीत कापड' लिही आणि संपव ना." मग तिला इंग्रजीत म्हणाला, "मॅडम, देशाचं नाव नको. आम्हाला पॉलिटिक्समध्ये पडायचं नाही."

"देशाचा नाही, तर मी नियम कुठे मोडला?"

मागच्या खुर्चीवर शोभनाला हसू आवरेना.

"जर्मनीत मी बावीस वर्षं काढली," बेरीवान म्हणाली. "शाळेत, दवाखान्यात, कचेरीत, सगळीकडे माझ्या नावापुढे तुर्कस्तान लिहायचे. मी खोडायची, ते पुन्हा लिहायचे. नवऱ्याच्या मृत्यूच्या दाखल्यावरही तेच लिहिलं. त्या दिवशी मात्र माझ्यात भांडायची ताकद नव्हती, त्याचं अजून वाईट वाटतं. तुम्हाला माझ्याविरुद्ध निकाल द्यायचाय? खुशाल द्या. पण नाव घेऊन द्या. नाहीतर मी इथून उठणार नाही."

नरेंद्रनं घड्याळ पाहिलं.

"बरोबर आहे त्यांचं," त्र्यंबक म्हणाला. "मिनिट्समध्ये वस्तूचं अचूक वर्णन लागतं." त्यानं लिहिलं आणि वाचून दाखवलं. "घर क्रमांक चौदाच्या बाल्कनीत कुर्दिस्तानचा राष्ट्रध्वज लावलेला असल्याचं या मंडळाला आढळलं. तो तीस दिवसांत उतरवावा."

"पुन्हा वाचा," बेरीवान म्हणाली. या वेळी ती उभी राहिली.

त्यानं पुन्हा वाचलं. ती "ठीक" म्हणाली आणि निघून गेली. तीस दिवस कशाला, तासाभरात तिनं स्वतःच्या हातानं झेंडा उतरवला.

शोभनाला ते बघवेना. "एवढी वाघीण, आणि हरवलंत तुम्ही तिला," ती त्र्यंबकला म्हणाली. दोन दिवस तिनं त्याला स्वतःचा चहा स्वतः करायला लावला.

मंगळवारी मॅनेजमेंट कंपनीचा ईमेल आला. तक्रारदाराला निकालाची प्रत हवी होती. त्र्यंबकनं प्रत छापली, सही केली, शिक्का मारला. शोभना त्याच्या खांद्यावरून ईमेल वाचू लागली.

"'प्रत घडी न घालता द्यावी, फ्रेम करायची आहे,'" तिनं मोठ्यानं वाचलं. तिचा आवाज चिरकला. "बघ, काय माणूस आहे. बाईला रडवून वर भिंतीवर मिरवणार. नाव काय त्याचं?"

त्र्यंबकनं लॅपटॉप तिच्याकडे वळवला.

तक्रारदार: बेरीवान, घर क्रमांक चौदा.