मालक येणार म्हणून

फोन करून करून तोंड दुखलं, तेव्हा कुठे स्वयंपाकघरातलं गळकं छत बघायला घरमालक यायला तयार झाले. मी ऑफिसातून अर्धी रजा टाकून धावतपळत घरी पोचले, तर ते आधीच येऊन चहा पीत बसले होते.

"चला, दाखवते," म्हणून मी त्यांना आत नेलं आणि गॅसच्या बरोबर वर बोट दाखवलं. बोट तसंच राहिलं. छत कोरडं ठणठणीत. डागावर पांढरा रंग फासलेला, ओट्यावरची बादली गायब.

"इथूनच गळतं हो. वरच्यांच्या बाथरूमचं पाणी. रोज."

"आज बरं गळत नाही," मालक म्हणाले.

मी सासूबाईंकडे वळले. "आई, तुम्ही तरी सांगा ना यांना."

"होतं थोडंसं, पण चालतंय हो," सासूबाई मालकांना म्हणाल्या. "तुम्ही अजून अर्धा कप घ्या."

"घर ठेवावं तर असं," म्हणत मालक खुशीत निघून गेले.

दार लागताच सासूबाईंनी पलंगाखालची बादली ओढून पुन्हा ओट्यावर ठेवली.

"सकाळी स्टुलावर चढून रंग लावला. एवढा मोठा माणूस घरी येणार आणि त्याच्यासमोर टपटप? नावं ठेवायला जागा ठेवली नाही मी."

मग खिडकीतून मान बाहेर काढून त्यांनी वरच्या मजल्यावर हाक मारली,

"गेले हो ते. सोडा आता पाणी."