न उलगडलेली फीत

विजेतेपदाचा पट्टा परत सोपवून फुमिए निवृत्तीच्या निरोपासाठी रिंगमध्ये उभी राहिली आणि चहूबाजूंनी तिच्या अंगावर प्रेक्षकांनी फेकलेल्या जांभळ्या कागदी फितींचा पाऊस पडला. तिचे डोळे मात्र नेहमीसारखे गर्दीत वडिलांना शोधत होते. “कुस्ती खेळायचीच असेल तर घरी तोंड दाखवू नकोस,” म्हणाले होते ते. एकही कुस्ती बघायला आले नव्हते. तेवढ्यात एका फितीची गुंडाळी न उलगडताच दाणकन तिच्या कपाळावर आदळली. “अहो आजोबा, आतली पुठ्ठ्याची नळी आधी काढायची असते! पोरीचं डोकं फोडताय का?” एक बाई ओरडली. लोक हसले. ओशाळून माफीसाठी कमरेत वाकलेला म्हातारा सरळ झाला, तेव्हा तिला वडिलांचा चेहरा दिसला. “चुकलं हो, पहिल्यांदाच आलोय,” ते बाईला म्हणाले, “पुढच्या वेळी नक्की काढीन.” तिची कुस्ती कायमची संपल्याची, निरोपाची घंटा वाजू लागली. वाजवणाऱ्याचा हात धरावा, असं फुमिएला वाटलं.